रेडिंगमधलं वाचणं

बिल्डिंग बांधून केव्हाच झालेली असते,
रंग उडालेला, खाली कबाबचं दुकान,
तरी ती बिल्डिंगच.
मग बांधणं संपतं कधी?
मी विचारलं, तर मिसेस प्रॉथेरोंनी
मार्करला टोपण लावलं
आणि म्हणाल्या, शालान, याचं उत्तर पुढच्या मंगळवारी.

मंगळवारी दहा ते बारा, ऑक्सफर्ड रोडच्या लायब्ररीत
आम्ही सहाजण.
दिलकुमारी पुन, नवरा गुरखा पलटणीतला;
होदान, जी नवा शब्द आधी गालात धरून ठेवते;
आणि मी,
त्रेचाळीस वर्षं या गावात काढून
बिगरीत बसलेली.

घरी पाकिटं साठलीत म्हणून.
यांनी एकतीस वर्षं सॉर्टिंग ऑफिसात
अख्ख्या गावाचे पत्ते वाचले.
डॉक्टरांचं अक्षरसुद्धा लागायचं यांना.
गेल्या फेब्रुवारीत मेंदूत गुठळी अडकली.
हे वाचले.
वाचता येईनासं झालं.

लिहितात अजून. नाव तर झोकात लिहितात,
शेवटच्या रेघेला तोच जुना फराटा,
आणि मग त्याच्याकडे बघत बसतात
चुकून आपल्या दारात पडलेल्या
शेजाऱ्याच्या पत्राकडे बघावं तसे.

बाई सांगतात, पुढे 'द' लावून बघा.
बसला, तर नाम.
द क्रॉसिंग. द सीलिंग. द वॉशिंग.
वॉशिंग म्हणजे धुणं! हे मला कुणी शिकवायला नको.
धुणं, गाणं, देणं, लाटणं,
क्रियापदाला बसायला पाट दिला
की त्याचं नाम होतं, आमच्याकडेही.
फक्त आमचं वाकतं:
धुण्याला, गाण्यात, देण्यापायी.
त्यांचं इंग ताठ,
शेपटीला काठी बांधल्यासारखं.

गृहपाठ होता, रस्त्यावरून दहा शब्द आणा.
यांना बरोबर घेतलं. केनेटच्या काठाकाठानं
मी वाचायची, हे मान हलवायचे.
ड्राय क्लीनिंग.
नो फिशिंग.
हिअरिंग टेस्ट, मोफत.
हा तुमच्यासाठी, मी म्हटलं.
स्टेशनपाशी आलो. निळ्या पाटीवर मोठी अक्षरं.
मी म्हटलं, रीडिंग.
रेडिंग, हे म्हणाले.
पाटीकडे न बघता.
चिडून म्हणाले, अगदी पूर्वीसारखे,
आणि मला इतकं बरं वाटलं
की मी मुद्दाम आणखी एकदा चुकले.

पुढच्या मंगळवारी बिल्डिंगचं उत्तर राहिलंच.
बाई म्हणाल्या, गावाच्या नावातलं इंग वेगळं.
ते क्रियेचं नाही, माणसांचं.
फार पूर्वी रेडा नावाचा कुणी होता,
त्याची माणसं ती रेडिंग.
मी हसायला लागले ते थांबेना.
कसं सांगणार यांना,
की आमच्याकडे रेडा म्हणजे कोण,
आणि तो एकदा वेद बोलला होता,
आणि आता त्याच्याच गावात
माझ्या नवऱ्याला बिलं वाचता येत नाहीत.
तुमच्या भाषेत रीडिंगला काय म्हणतात, त्यांनी विचारलं.
वाचणं, म्हटलं.
आणि मरता मरता राहण्याला?
हे मी विचारलं, बाईंनी नव्हे.
त्यालाही वाचणंच.
होदान म्हणाली, मग तुमचं काम एका शब्दात भागलं.

नाही भागलं.

परवा गॅस कंपनीचं पत्र आलं.
तीन ओळी, एकटीनं वाचल्या:
मीटर रीडिंग कळवावे.
'द' लावून बघितला. बसला.
जिन्याखालच्या कपाटात आम्ही दोघं वाकलो,
झाडू, जुने बूट, कोळिष्टकं.
यांनी बॅटरी धरली,
हात जरा थरथरत होता,
उजेड आकड्यांवरून सरकायचा, परत यायचा.
चार, मी म्हटलं. आठ.
थांबा, हलवू नका.
दोन. एक.
शेवटचा आकडा अर्धा वर, अर्धा खाली,
फिरत होता.